मिठाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज आणि दोन मिलिअँपिअर वीज

कागदाच्या माथ्यावर नऊ खुणा छापलेल्या असतात आणि प्रत्येक खुणेखाली एकेक आकडा. खाली त्याच खुणा उलटसुलट क्रमाने मांडलेल्या, प्रत्येकीखाली एक रिकामा चौकोन. वरचा तक्ता बघायचा, खुणेचा आकडा शोधायचा, चौकोनात भरायचा आणि पुढच्या खुणेकडे वळायचं. वेळ साधारण दीड मिनिट. मानसशास्त्रात ही चाचणी वेगवेगळ्या रूपांत कित्येक दशकं वापरात आहे. तिला बुद्धीची मोठी झेप लागत नाही. लागते ती नजरेची आणि हाताची चपळाई, आणि आत्ताच पाहिलेली जोडी क्षणभर डोक्यात धरून ठेवायची ताकद. स्किझोफ्रेनिया असलेली माणसं नेमकी इथेच अडतात. अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून २००७ साली झालेल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं की, या आजारात सर्वांत जास्त घसरण होते ती याच साध्या चाचणीत.

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातल्या आटगावसारख्या गावात ही घसरण कागदावर दिसत नाही, ती रोजच्या व्यवहारात दिसते. पूर्वी ज्याला आवाज ऐकू यायचे, शेजारी आपल्यावर करणी करतायत असं वाटायचं, असा तिशीतला एखादा मुलगा गोळ्यांवर चांगला शांत झालेला असतो. आई त्याला शहापूरच्या बाजारात धाडते. युरियाची गोणी, तिच्या बीपीच्या गोळ्या, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि वाटेत मामाला एक निरोप. तो दोन कामं करून परत येतो, उरलेली दोन त्याच्या ध्यानातच राहिलेली नसतात. आवणीच्या दिवसांत खाचरात सगळे एका लयीत पुढे सरकतात, हा मागे राहतो. आटगावच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचं काम मिळालं तर सुपरवायझरने एका दमात दिलेल्या दोन सूचनांपैकी पहिली दुसरी ऐकेपर्यंत निसटते. आठवड्याभरात काम सुटतं. घरात म्हणतात, ‘आळशी झालाय’ किंवा ‘गोळ्यांनी सुस्त पडलाय.’ यातलं दुसरं कधीकधी अंशतः खरं असतं, पहिलं जवळजवळ कधीच नसतं.

एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराचं वर्णन केलं तेव्हा त्याने भर दिला होता तो विचारशक्तीच्या अकाली ऱ्हासावर. पुढे १९५०च्या दशकात क्लोरप्रोमेझिन आलं. भास आणि संशय गोळीने आटोक्यात येतात हे दिसल्यावर सगळ्यांचं लक्ष तिकडे लागलं, आणि ते साहजिकच होतं. पण १९९६ साली मायकेल ग्रीन या अमेरिकन संशोधकाने तोवरचे अभ्यास एकत्र मांडून एक प्रश्न विचारला. माणूस पुढे नोकरी करू शकेल का, लोकांत मिसळेल का, स्वतःचं स्वतः बघेल का, हे कशावरून सांगता येतं? भास किती तीव्र आहेत यापेक्षा स्मरण आणि लक्ष किती टिकून आहे यावरून ते जास्त नीट सांगता येतं, असं उत्तर निघालं. आजाराची ही बाजू बऱ्याचदा पहिल्या झटक्याच्याही आधीपासून असते. शाळेत बरा असणारा मुलगा दहावीच्या आसपास मागे पडू लागतो आणि त्याचं कारण कुणालाच उमगत नाही.

सध्याच्या औषधांपैकी बहुतेक सगळी डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची वाट अडवतात. त्यामुळे आवाज थांबतात. विचार करण्याची धार मात्र त्यांनी फारशी परत येत नाही. खास तेवढ्यासाठी औषध शोधायचे प्रयत्न बरेच झाले. आयक्लेपर्टिन नावाच्या औषधाकडून मोठी अपेक्षा होती. २०२५च्या सुरुवातीला त्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या चाचण्यांचे निकाल आले आणि ते औषध नकली, औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. रसायनाने दार उघडत नसेल तर विजेने उघडतंय का बघावं, या विचाराला गेल्या वीसेक वर्षांत जोर आला आहे.

‘वीज’ म्हटलं की शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात एकच गोष्ट डोळ्यांपुढे येते: ठाण्याचं मनोरुग्णालय आणि शॉक. १९०१ साली सुरू झालेलं हे रुग्णालय राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. बाकीची तीन येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली. ‘तुला ठाण्याला पाठवतो’ हे वाक्य धमकी म्हणून वापरलं जातं, आणि त्या धमकीमागे सिनेमात पाहिलेला, हातपाय बांधून दिला जाणारा शॉक असतो. त्यामुळे भगताकडे वर्ष गेलं तरी चालेल, पण ठाणं नको, असं ठरवणारी घरं आजही आहेत. या भीतीपायी उपचाराला जो उशीर होतो, त्याने झालेलं नुकसान पुढे भरून काढणं फार कठीण असतं.

म्हणून आधी फरक नीट सांगायला हवा. शॉक, म्हणजे ईसीटी, १९३८ साली रोममध्ये चेर्लेट्टी आणि बिनी यांनी पहिल्यांदा दिला. त्यात सुमारे ८०० मिलिअँपिअरचा प्रवाह काही सेकंद देऊन मेंदूत मुद्दाम फिट आणतात. आज ती प्रक्रिया भूल देऊन करतात. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देणं २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने भारतात बंद केलं आहे. तीव्र नैराश्यात किंवा माणूस खाणंपिणं सोडून ताठरून बसतो अशा अवस्थेत ईसीटी आजही जीव वाचवते. पण इथे ज्या उपचाराबद्दल बोलायचं आहे त्यात फिट आणायची नसते, भूल लागत नाही आणि प्रवाह असतो फक्त दोन मिलिअँपिअर. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला टीडीसीएस म्हणतात.

खोलीत एक खुर्ची असते आणि वहीएवढं एक यंत्र. दोन रबरी पट्ट्या, साधारण पाच बाय सात सेंटिमीटरच्या, स्पंजच्या पिशव्यांत घातलेल्या. स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवून हलके पिळून घेतात. फार ओला राहिला तर पाणी केसांतून ओघळतं आणि वीज भलतीकडे पसरते, कोरडा पडला तर त्वचा भाजते. फितीने डोकं मोजून एक स्पंज कपाळाच्या वर, डाव्या बाजूला, केसांच्या रेषेच्या थोडा मागे ठेवतात आणि दुसरा उजव्या भुवईच्या वर किंवा इतरत्र. पट्टा आवळला की प्रवाह हळूहळू चढवतात. पहिल्या मिनिटात मुंग्या आल्यासारखं वाटतं, थोडी खाज सुटते, मग बहुतेकांना काहीच जाणवत नाही. वीस मिनिटं होतात, प्रवाह उतरवतात, कपाळावर लालसर चौकोन उरतो आणि तासाभरात तोही जातो. माणूस उठून चालू लागतो.

डाव्या कपाळामागची जागा निवडायला कारण आहे. मेंदूच्या पुढच्या भागाचा हा वरचा-बाहेरचा पट्टा ‘कामचलाऊ स्मृती’ सांभाळतो. दुकानदाराने सांगितलेली रक्कम नोटा मोजेपर्यंत लक्षात ठेवणं हे या स्मृतीचं काम. पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की वस्तू नजरेआड झाली तरी या भागातल्या पेशी ती परत दिसेपर्यंत पेटत्या राहतात, जणू तिची आठवण तेवत ठेवतात. स्किझोफ्रेनियात हे पेटतं राहणं विस्कळीत होतं. प्रवाहाच्या धन टोकाखालच्या पेशी जरा लवकर पेटायच्या तयारीत येतात, हे जर्मनीत ग्योटिंगेन इथे नित्शे आणि पाउलुस यांनी २००० साली हाताच्या हालचालीशी निगडित भागावर दाखवलं. हा प्रवाह पेशीला स्वतः पेटवत नाही. पावसाने भिजलेल्या जमिनीत बी लवकर रुजतं, पण पेरलं तरच. टीडीसीएस जमीन भिजवतं, पेरणी मेंदूला त्या वेळी दिलेल्या कामाने होते.

दुसरी पद्धत चुंबकाची, टीएमएस. १८३१ साली फॅरेडेने दाखवलेलं तत्त्वच इथे वापरतात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज उत्पन्न होते, आणि इथे वाहक म्हणजे मेंदूचा वरचा थर. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ साली डोक्यावर तारेचं वेटोळं धरून माणसाच्या हाताची बोटं हलवून दाखवली. यंत्र मोठं, महाग आणि टकटक आवाजाचं. कानात बोळे घालावे लागतात. क्वचित फिट येऊ शकते, म्हणून फिट्सचा इतिहास असणाऱ्यांना किंवा डोक्यात धातूची क्लिप असणाऱ्यांना ते देताना डॉक्टर जपून असतात. अमेरिकेत २००८ साली नैराश्यासाठी त्याला मान्यता मिळाली आणि आता मुंबई-पुण्यातही ते मिळतं. पण त्याचा नैराश्यात उपयोग होतो म्हणून स्किझोफ्रेनियातल्या विस्मरणातही होईल, असं गृहीत धरता येत नाही. जाहिराती मात्र ते सर्रास धरतात.

मग पुरावा काय सांगतो? सुरुवात फार आशादायक होती. टोरांटोत २०१३ साली २७ रुग्णांवर चार आठवडे टीएमएस करून पाहिलं. खोटं यंत्र लावलेल्यांपेक्षा खरं यंत्र लावलेल्यांची कामचलाऊ स्मृती स्पष्टपणे सुधारली. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली टीडीसीएसच्या अवघ्या पाच बैठकांनंतर विचारशक्तीच्या एकत्रित गुणांत वाढ दिसली. मग मोठे अभ्यास आले. जर्मनीत १७५ रुग्णांवर केलेल्या टीएमएसच्या चाचणीत विचारशक्तीला काही विशेष लाभ झाला नाही. आणि ज्या टोरांटोत आशा जागी झाली होती तिथल्याच चमूने तोच प्रयोग ८३ जणांवर पुन्हा केला, २०२१ साली निकाल छापला, आणि या वेळी खऱ्या व खोट्या यंत्रात फरक निघाला नाही. आधीच्या यशाचा पाया आपल्याच हाताने तपासायचा आणि तो टिकला नाही हे उघड सांगायचं, याला धैर्य लागतं. या विषयातली सगळ्यांत विश्वासार्ह गोष्ट तीच वाटते.

सगळे लहानमोठे अभ्यास एकत्र तोलले तर चित्र असं दिसतं. कामचलाऊ स्मृती आणि लक्ष यांत विजेने थोडी सुधारणा होते, तीही सर्वांत नाही. विचारांचा वेग, नवं पाठ करणं, नियोजन करणं यांत ठोस फायदा दिसत नाही. आणि चाचणीत दोन गुण वाढले म्हणून बाजारातली चार कामं लक्षात राहतातच असंही दिसून आलेलं नाही. खोटं यंत्रही इथे हुशारीने बनवलेलं असतं. अर्धा मिनिट खरा प्रवाह सोडून तो बंद करतात, त्यामुळे मुंग्या दोघांनाही येतात आणि कुणाला खरं मिळालं हे कळत नाही. खोटं मिळालेल्यांचेही गुण वाढतात, कारण तीच चाचणी दुसऱ्यांदा देताना हात बसलेला असतो, आणि रोज वीस मिनिटं कुणीतरी आपुलकीने विचारपूस करतं याचाही परिणाम होतो.

सुधारणा इतकी तोकडी का, याची दोन कारणं फार महत्त्वाची आहेत. पहिलं कारण कवटी. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या ग्योर्गी बुझाकी यांच्या चमूने २०१८ साली मृतदेहांवर मोजून दाखवलं की डोक्यावर दिलेल्या प्रवाहाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग त्वचा, मांस आणि हाडातच जिरतो. दोन मिलिअँपिअरमधलं मेंदूपर्यंत पोचतं किती, हे माणसागणिक बदलतं.

दुसरं कारण आजाराच्या मुळाशीच आहे. टीडीसीएसचा परिणाम यंत्र बंद झाल्यावरही काही काळ टिकतो, आणि तो टिकण्यासाठी ग्लुटामेट या रसायनाचे एनएमडीए नावाचे ग्राहक (रिसेप्टर) नीट चालावे लागतात. ते औषधाने अडवले तर टिकाऊ परिणाम नाहीसा होतो, हे निरोगी माणसांवर सिद्ध झालं आहे. आणि स्किझोफ्रेनियाबद्दलचा एक प्रमुख तर्क असा की त्यात हेच ग्राहक कमी काम करतात. म्हणजे ज्या यंत्रणेच्या आधाराने विजेने मेंदूला वळण लावायचं, तीच यंत्रणा आजाराने दुबळी केलेली असते. जर्मनीत २०११ साली झालेल्या मोजणीत रुग्णांच्या मेंदूची अशी वळण घेण्याची क्षमता निरोगी माणसांपेक्षा खरोखरच कमी भरली. दोन मिलिअँपिअरकडून चमत्काराची अपेक्षा का ठेवू नये, हे यावरून कळतं. त्याचबरोबर प्रयत्न सोडूनही का देऊ नये, तेही कळतं. क्षमता कमी असते, शून्य नसते.

म्हणूनच आता संशोधक विजेला एकटं सोडत नाहीत. स्पंज कपाळावर असतानाच रुग्णाला लक्षाचे आणि स्मरणाचे खेळ द्यायचे, अशा पद्धतीवर भर आहे. या खेळांना, म्हणजे बोधात्मक प्रशिक्षणाला, स्वतःचा भक्कम आधार आहे. २०२१ साली १३० चाचण्या आणि ८,८५१ रुग्ण एकत्र तोलून निघालेला निष्कर्ष सांगतो की अशा सरावाने विचारशक्तीही सुधारते आणि रोजचं वागणंही. सुधारणा लहान ते मध्यम असते. प्रशिक्षित माणूस सोबत असेल आणि सरावाची सांगड प्रत्यक्ष कामाशी घातली असेल तर ती वाढते. वीज आणि सराव एकत्र दिले तर दोन्हींची बेरीज होते का, याचं पक्कं उत्तर अजून यायचं आहे.

भारतात या विषयातलं सर्वांत सातत्याचं काम बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत झालं. तिथे गणेशन वेंकटसुब्रमणियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीडीसीएस वापरलं ते मुख्यतः औषधाला न जुमानणाऱ्या आवाजांसाठी, आणि २०१८ साली खऱ्या-खोट्या यंत्राची तुलना करून त्याचा फायदा दाखवला. विचारशक्ती हा त्यांच्याही अभ्यासाचा भाग आहे. महाराष्ट्रात जास्त काम झालं ते पुनर्वसनाच्या बाजूने. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली, आणि ‘देवराई’ या २००४च्या चित्रपटामागेही ते होते. अतुल कुलकर्णींनी रंगवलेला शेष पाहून अनेक मराठी घरांना आपल्या माणसाला काय होतंय ते पहिल्यांदा कळलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. मुरबाडला लागूनच असलेल्या कर्जत तालुक्यात डॉ. भरत वाटवानी यांचं ‘श्रद्धा’ हे केंद्र रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवतं. त्या कामासाठी त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आटगावातून कसारा लोकलने ठाणं साठेक किलोमीटर. टीडीसीएसच्या दहा बैठका म्हणजे दहा वेळा जाणं-येणं, रुग्णाची आणि सोबत जाणाऱ्याची मिळून वीस दिवसांची मजुरी. एवढा खर्च करून मिळणारी सुधारणा आज तरी थोडी आणि अनिश्चित आहे. त्याआधी दोन गोष्टी पदरात पाडून घेता येतात आणि त्यांना जवळजवळ काहीच पैसे लागत नाहीत.

एक म्हणजे गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांपुढे पुन्हा ठेवणं. मुख्य औषधाने हातपाय थरथरतात, अंग ताठरतं, म्हणून सोबत ट्रायहेक्सीफेनिडिल नावाची छोटी गोळी देतात. आपल्याकडे ती फारच सढळपणे दिली जाते आणि गरज संपली तरी वर्षानुवर्षं चालू राहते. ही गोळी स्मरणशक्ती मंदावते. ती मनाने बंद करायची नसते, एकदम सोडली तर त्रास होतो. पण ‘ही अजून लागते का, कमी करता येईल का?’ एवढं विचारायला हरकत नाही, आणि कुठलाही चांगला डॉक्टर त्या प्रश्नाचं स्वागत करेल. काही रुग्णांत या एका बदलाने जो मोकळेपणा येतो, तो कुठल्याही यंत्राच्या तोडीचा असतो.

दुसरी गोष्ट अंगमेहनतीची. धाप लागेल असा नियमित व्यायाम केल्याने स्किझोफ्रेनियात विचारशक्ती सुधारते, असं २०१७ साली दहा चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षातून दिसलं, आणि ती सुधारणा विजेने मिळणाऱ्या सुधारणेपेक्षा कमी नव्हती. तानसा धरणाच्या रस्त्याने आठवड्यातून तीनदा भरभर चालणं हा उपचारच आहे, सोबत कुणी असेल तर अधिकच. कामं एकेक करून सांगणं, बाजाराची यादी मोबाइलवर बोलून ठेवणं, रोजची कामं ठरलेल्या वेळी करणं, हेही बोधात्मक प्रशिक्षणाचेच भाग. इथे एक अडचण सांगायला हवी. आकडे आणि खुणांच्या चाचण्या शाळा शिकलेल्यांसाठी बनलेल्या आहेत. पाड्यावरच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या कातकरी किंवा ठाकूर बाईची विचारशक्ती त्या कागदाने मोजणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिची चाचणी तिच्या कामावरूनच घ्यावी लागेल, आणि तशा चाचण्या बनवण्याचं काम मराठी मुलखात व्हायला हवं.

अंतराचा प्रश्न सुटला तर टीडीसीएसचं पारडं बदलू शकतं. यंत्र लहान आहे, बॅटरीवर चालतं. निम्हान्सचे चित्तरंजन आंद्राडे यांनी २०१३ साली एका तरुणीची हकिगत छापली. क्लोझापिन या औषधानेही न थांबणारे तिचे आवाज टीडीसीएसने खूपच कमी झाले, आणि हे उपचार दिवसातून एक-दोनदा, तीन वर्षं, तिच्या घरीच चालले होते. नैराश्याच्या १७४ रुग्णांवर घरी, पण व्हिडिओवरून देखरेख ठेवून केलेल्या चाचणीचा निकाल २०२४ साली आला आणि तो चांगला होता. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये देखरेखीशिवाय केलेल्या तशाच चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. म्हणजे घरी यंत्र नेऊन भागत नाही, पलीकडे रोज कुणीतरी बघणारं, विचारणारं लागतं. इंटरनेटवर दाखवतात तशी नऊ व्होल्टची बॅटरी आणि तारा जोडून घरगुती प्रयोग करणं तर सरळ धोक्याचं आहे.

ती देखरेख आटगावात कोण करणार? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, गावोगाव आशा ताई आहेत, आणि १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक २०२२पासून चालू आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. चार कामांपैकी दोन का विसरली गेली हे विचारायला आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायला यंत्र लागत नाही. ते एवढ्या व्यवस्थेला आजही जमण्यासारखं आहे. आशा ताईंच्या वहीत ‘गोळ्या घेतो का?’ या प्रश्नाखाली आणखी एक ओळ छापली तरी सुरुवात होईल: ‘सांगितलेलं काम लक्षात राहतं का?’